हतनूर धरणावर गळवाल्यांचा गट काढायचाय, कोणी येतं का?

भुसावळला राहतो. नोकरीनिमित्त सहा वर्षं रत्नागिरीत होतो. तिथले गळवाले रविवारी मासे कमी अन् किनाऱ्यावरचा तुटका तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरीच जास्त गोळा करायचे! परवा हतनूरला गेलो, तर बाभळीच्या फांदीला तंगुसात पाय अडकून पाणकावळा उलटा लटकलेला. इकडेही गट काढावा म्हणतो.

— येतो ना भो! पण धरणात मासेमारीचा ठेका कोणाकडे, ते आधी विचारा. नाहीतर पहिल्याच दिवशी भांडण.

— पावसाळ्यात गळ बंद ठेवा. रोहू, कटला पुराच्या पाण्यातच अंडी घालतात. समुद्रात यांत्रिक नौकांनाही 1 जून ते 31 जुलै बंदी असतेच की.

— ठेकेदाराला विचारतो. कात्री, गोण्या माझ्या. हातमोजे मात्र आणा. पाणकावळा सोडवताना चावला, अंगठा अजून ठणकतोय.