मानपाडा ते वागळे इस्टेट : गाडी घरी ठेवून रोज सायकलने जाणे व्यवहार्य आहे का?

मानपाडेकर (प्रश्न)

नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर मानपाडा येथे राहतो आणि माझे कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे. अंतर जेमतेम आठ किलोमीटर. गेली सहा वर्षे हे अंतर मी एकटाच गाडीतून कापतो. सकाळी पाऊण तास लागतो आणि संध्याकाळी, त्यातही शुक्रवारी, कापूरबावडीच्या अलीकडेच अर्धा तास जातो. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या पुढे गाडी क्वचितच जाते. आठ किलोमीटरला पाऊण तास म्हणजे ताशी साधारण अकरा किलोमीटर वेग झाला, आणि शाळेत असताना मी सायकल याहून वेगाने चालवत होतो, हे एका संध्याकाळी सिग्नलला बसल्या बसल्या लक्षात आले.

माझे वय ४६ आहे. रक्तदाबाची एक गोळी सुरू आहे. सायकल विकत घेण्याची तयारी आहे, परंतु वीस हजार रुपये घालून ती महिनाभराने गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांचा स्टँड होऊ नये, एवढीच इच्छा आहे. रस्त्यावर जीव सुरक्षित राहील का, घामाने भिजून बैठकीला कसे बसायचे, पावसाळ्यात काय करायचे आणि खरोखर किती पैसे वाचतील, हे माझे प्रश्न आहेत. कृपया केवळ उत्साह वाढवणारी उत्तरे नकोत. रोज चालवणाऱ्यांचा आणि चालवून सोडून दिलेल्यांचा, असा दोघांचाही अनुभव हवा आहे.

उपवनकाठ

मी वसंत विहारहून वागळे इस्टेटला नऊ वर्षे सायकलने जाते, म्हणून आधी मार्गाबद्दल लिहिते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरे त्यातच आहेत. गाडीचा मार्ग सायकलला लावू नका. घोडबंदर रस्ता, माजिवडा आणि महामार्गाकडेचे चौक पूर्णपणे टाळा. मानपाड्याहून टिकुजिनीवाडीच्या बाजूने पोखरण रस्ता क्रमांक २ ला लागावे, वसंत विहारमार्गे क्रमांक १ वर यावे आणि वर्तकनगर, शास्त्रीनगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर असे करत वागळेत शिरावे. हा मार्ग थोडा लांब पडेल आणि येऊरच्या डोंगराचा पायथा असल्यामुळे चढ-उतारही लागतील, परंतु या संपूर्ण वाटेवर कंटेनर तुमच्या खांद्याला खांदा लावून धावणार नाही. न्हावाशेव्याहून गुजरातकडे जाणारी अवजड वाहने माजिवड्याहून घोडबंदरला वळतात, आणि सायकलस्वाराचा खरा शत्रू खड्डा नसून तीच आहेत.

सुरक्षेबद्दल बोलायचे तर हेल्मेट आणि मागचा लाल दिवा अत्यावश्यक आहेतच, परंतु त्यांच्याहून अधिक उपयोग रस्त्यावरच्या आपल्या जागेचा होतो. नवखा सायकलस्वार घाबरून अगदी कडेला चिकटतो आणि तिथेच फसतो, कारण डावीकडे उभी असलेली रिक्षा कोणत्याही क्षणी सुटते, तिच्यातून प्रवासी नेमका डाव्या अंगाला उतरतो आणि उभ्या गाड्यांची दारे न बघता उघडली जातात. उभ्या वाहनांपासून हातभर अंतर राखून सरळ रेषेत चालवा, नागमोडी जाऊ नका. सिग्नलला डंपर किंवा बस उभी असेल तर तिच्या डाव्या बाजूने पुढे सरकण्याचा मोह कधीही करू नका. चालकाला तेथे तुम्ही दिसत नाही, आणि तो डावीकडे वळला की त्याचे मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आतून वळते. मी नऊ वर्षांत दोनदा धडपडले आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. पहिल्यांदा ओढणी चेनमध्ये अडकली होती, दुसऱ्यांदा एका हाताने छत्री धरली होती. (होय, मला ठाऊक आहे.)

घामाचे म्हणाल तर पाठीवरची सॅक काढून कॅरिअरवर बांधा, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. जाताना दमेपर्यंत पॅडल मारू नका, पोचल्यावर दहा मिनिटे पंख्याखाली बसा आणि मगच सदरा बदला. लगेच बदलला तर दुसराही भिजतो. मी सोमवारी आठवड्याचे कपडे रिक्षाने नेऊन कार्यालयातील कपाटात ठेवते.

गायमुखचा वारा

तीन वर्षे चालवून सोडून दिलेल्यांपैकी मी एक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी कासारवडवलीहून कापूरबावडीपर्यंत रोज सेवा रस्त्याने जात असे. मुख्य रस्त्यावर मेट्रो ४ चे खांब उभे राहत असताना सेवा रस्ताच आमचा आधार होता. तेथे रिक्षा उलट्या दिशेने येत, टेम्पो उभे असत, भाजीच्या गाड्या असत, तरीही तेथील वेग माणसाच्या आवाक्यातला होता. तो मुख्य रस्त्यात सामावून घेण्याचे काम सुरू झाल्यापासून संथ वाहनाला वेगळी जागा उरलेली नाही. रस्ता रुंद झाला की गाड्यांची सोय होते हे मान्य आहे, मात्र ज्या पट्ट्यात ताशी पंधरा किलोमीटरने जाता येत होते त्याच पट्ट्यात आता साठने येणारी वाहने असतील, तर ती सोय सायकलच्या वाट्याची नव्हे.

माझा अपघात दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये झाला. रस्ता खोदून त्यावर लोखंडी पत्रा टाकलेला होता, पाऊस नुकताच थांबला होता आणि मी त्या पत्र्यावर किंचित वळण घेतले. ब्रेक लावायलाही वेळ मिळाला नाही, चाक साबणावरून सरकावे तसे सरकले. कोपराचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात गळ्यात राहिला. ज्यांनी तो पत्रा टाकला त्यांनी बाजूला साधा फलकही लावलेला नव्हता. ओला पत्रा, रस्त्यावरचे जाड पांढरे पट्टे आणि गटारावरच्या जाळ्या ही तिन्ही ठिकाणे सरळ, न वळता आणि ब्रेक न लावता ओलांडायची असतात, हे मला त्या दिवशी समजले. गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने असतील तर अरुंद टायर सरळ आत जातो, म्हणून सायकल घ्याल तेव्हा जरा रुंद टायरची घ्या.

पोखरणचा मार्ग चांगला आहे, हे मी नाकारत नाही. परंतु माझ्यासारख्या गायमुखकडच्या माणसाला तो अर्ध्या वाटेनंतरच उपलब्ध होतो. मानपाड्यापर्यंतचे काय करायचे, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

स्कूटरवाला

स्कूटर घ्या. वीस मिनिटांत पोचाल, घाम नाही, पत्नीलाही चालवता येईल. सायकल रविवारी येऊरला.

खाडीकाठ

स्कूटरचा सल्ला वेळेपुरता बरोबर आहे, परंतु मानपाडेकरांच्या रक्तदाबाचे त्यात काही नाही. मी नवी मुंबईत कोपरखैरण्यात राहतो आणि ऐरोलीला नोकरी करतो. आमच्याकडचे चित्र ठाण्याहून वेगळे आहे. सिडकोने वसवलेल्या नोडमध्ये, म्हणजे नियोजित उपनगरांमध्ये, सेक्टरचे आतले रस्ते सपाट आणि झाडांचे आहेत, त्यामुळे स्थानक, मंडई, शाळा अशा दोन-तीन किलोमीटरच्या कामांना सायकलइतके सोयीचे काही नाही. अडचण येते ती एका नोडमधून दुसऱ्या नोडमध्ये जाताना. तेव्हा ठाणे-बेलापूर रस्ता किंवा पाम बीच मार्ग घ्यावा लागतो, आणि पहाटे पाम बीचवर घोळक्याने सायकल चालवणे आणि सकाळी साडेनऊला एकट्याने चालवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून मी घरून स्थानकापर्यंत सायकल, पुढे ट्रान्स हार्बरची लोकल आणि ऐरोलीहून चालत, असे करतो. स्थानकाबाहेरून माझी एक सायकल चोरीला गेली आहे. तेव्हापासून जुनी, रंग उडालेली, दुसऱ्याला न्यावीशी वाटणार नाही अशीच वापरतो.

आता पैशांचे. दिवसाला सोळा किलोमीटर आणि कोंडीत लिटरला अकरा किलोमीटर धरले तर रोज दीड लिटरच्या आसपास पेट्रोल जळते. लिटरचा दर शंभराच्या वर असल्याने महिन्याचे चोवीस दिवस धरून साडेतीन हजारांहून अधिक होतात. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एकटा माणूस रोज तीन किलोहून अधिक धूर मागे सोडतो. परंतु सायकलवाले येथे एक चलाखी करतात, ती मी करणार नाही. गाडी दारात उभी राहिली म्हणून तिचा विमा, हप्ता आणि सोसायटीचे पार्किंगचे पैसे थांबत नाहीत. गाडी विकणार असाल तरच खरी बचत होते, नाहीतर फक्त पेट्रोल वाचते. त्यातून सायकलचे वर्षाचे दोन टायर-ट्यूब, ब्रेकची रबरे आणि पावसाळ्यानंतरचे ओव्हरऑइलिंग वजा करा. खाडीच्या दमट हवेत चेन फार लवकर गंजते, दर आठवड्याला पुसून तेलाचे थेंब सोडावेच लागतात.

चढाची आणि घामाची भीती वाटत असेल तर विजेवर चालणारी, पॅडलला साथ देणारी सायकल बघा. मोटर २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर आपल्याकडे नोंदणी आणि परवाना लागत नाही. मात्र ती जड असते, जिन्याने वर नेता येत नाही.

ओपीडीनंतर

व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून प्रकृतीपुरते लिहितो. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०१७ मध्ये असे दाखवले की कामावर सायकलने जाणाऱ्यांचा अकाली मृत्यूचा धोका गाडीने किंवा बसने जाणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा सगळेच सांगतात. त्याच माहितीसाठ्यावरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा निष्कर्ष क्वचितच सांगितला जातो : दुखापतीमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका सायकलने जाणाऱ्यांमध्ये ४५ टक्क्यांनी अधिक होता. एकूण हिशेबात फायदा मोठाच राहतो, परंतु सायकल चालवणारे मुळातच निरोगी आणि सडपातळ असण्याचा संभव असतो, आणि ते रस्ते ब्रिटनचे आहेत, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचावेत.

धुराबद्दल कोणी विचारले नाही म्हणून सांगतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये केलेल्या हिशेबानुसार दिल्लीसारख्या हवेतही आठवड्याला पाच तासांहून अधिक सायकल चालवल्यावरच प्रदूषणाचा तोटा व्यायामाच्या फायद्यावर मात करतो. मानपाडेकरांचे पस्तीस मिनिटे जाणे आणि तेवढेच येणे धरले तर पाच दिवसांचे सहा तासांच्या जवळ जातात, परंतु ठाण्याची वर्षभराची हवा दिल्लीइतकी वाईट नसते आणि पावसाळ्यात ती बरीच स्वच्छ असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र सकाळी लवकर निघा आणि उपवनकाठ यांनी सांगितलेलाच मार्ग घ्या, कारण ट्रकच्या मागे राहणे आणि त्याच्यापासून दोन गल्ल्या दूर राहणे यात फुप्फुसांच्या दृष्टीने मोठा फरक आहे. रक्तदाबाची गोळी कोणती आहे ते तुमच्या डॉक्टरांना विचारून सुरुवात करा. काही गोळ्यांमुळे नाडी वाढत नाही, चढावर लवकर थकवा येतो आणि माणसाला उगीच वाटते की आपले वय झाले.

मानपाडेकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सायकल विकत न घेता आधी भाच्याची मागून आणली. पहिली फेरी रविवारी केली. नंतर मंगळवार आणि गुरुवार असे आठवड्यातून दोन दिवस गेलो. जाताना ३७ मिनिटे, येताना ४१. त्याच आठवड्यात बुधवारी गाडीला ४८ मिनिटे लागली. शास्त्रीनगरच्या चढाला पहिल्या दिवशी उतरून सायकल हातात धरून चाललो आणि एका शाळकरी मुलाने, "काका, गिअर बदला ना," असे सांगितले. बदलला. चढलो.

गायमुखचा वारा यांच्या अनुभवामुळे पावसाळ्यापुरता निर्णय करून टाकला आहे : जून ते सप्टेंबर टीएमटीची (ठाणे महापालिकेची) बस, कोरडा दिवस मिळाला तरीही. पाच दिवस सायकल हे मला झेपणार नाही, तीन दिवस झेपेल, आणि गाडी विकण्याचा विचार आईला रुग्णालयात न्यावे लागते म्हणून सध्या बाजूला ठेवला आहे. म्हणजे खाडीकाठ यांच्या हिशेबाप्रमाणे माझी बचत फक्त पेट्रोलची, तीही निम्म्याहून थोडी अधिक.

अनपेक्षित अडचण कार्यालयात आली. तळघरातील पार्किंग फक्त चारचाकी आणि दुचाकींसाठी आहे, असे सुरक्षारक्षकाने सांगितले. सायकलही दुचाकीच आहे, हे मी दाखवून दिल्यावर तो हसला, पण नोंदवहीत वाहन क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणाला. शेवटी जनरेटरच्या खोलीमागची भिंत मिळाली. जाड साखळी आणि कुलूप घेतले आहे. अडकवायला भिंतीत कडी नाही, तिच्यासाठी प्रशासन विभागाकडे अर्ज दिला आहे.