मदत हवी आहे: डार्कटेबलमध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) निगेटिव्ह सरळ होते, पण पुढचं एडिटिंग उलटं चालतं

नमस्कार मंडळी,

मामाच्या लग्नाचे रंगीत रोल सापडलेत. प्रिंट कुणाकडेच उरल्या नाहीत, म्हणून निगेटिव्ह एलईडी पॅनेलवर ठेवून मॅक्रो लेन्सने रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो काढले.

निगेटिव्ह सरळ करणाऱ्या नेगाडॉक्टर मॉड्यूलने (डार्कटेबलमधलं एक टूल) फिल्मची नारिंगी झाक छान जाते. दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवरून फिल्म बेसचा रंग उचलला आणि मामीचा चुडा हिरवागार दिसायला लागला. गाडं अडतं ते त्यापुढे. एक्स्पोजर वाढवलं की फोटो काळवंडतो. टोन इक्वलायझरमध्ये सावल्या उजळायला जावं, तर मंडपातला अंधार जागचा हलत नाही, उलट मामाचा पांढरा सदरा मळकट होतो!

मग आधी सरळ झालेल्या फोटोची १६ बिट टिफ फाइल काढून तीच पुन्हा आत घ्यायची का? एकेका रोलच्या ३६ फ्रेम, प्रत्येकीची आणखी एक जड फाइल ठेवायची जिवावर आलंय. रॉथेरपी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही निगेटिव्हचं टूल आहे, पण माझा सगळा संग्रह डार्कटेबलमध्ये आहे.

प्रतिसाद १

टिफ नको. तुम्ही कुठलं मॉड्यूल आधी चालू केलंत याने फरक पडत नाही, डार्कटेबल आपल्या ठरलेल्या क्रमानेच चालतं. एक्स्पोजर आणि टोन इक्वलायझर त्या क्रमात नेगाडॉक्टरच्या आधी येतात, म्हणजे त्यांच्यापुढे अजून निगेटिव्हच असते. तिच्यात सदरा सगळ्यात काळा, म्हणून सावल्या उजळल्या की मार त्यालाच.

कंट्रोल आणि शिफ्ट दाबून टोन इक्वलायझरचं शीर्षक धरा आणि नेगाडॉक्टरच्या वर ओढा (यादी खालून वर चालते). एक्स्पोजरची दुसरी प्रत काढून तीही वर न्या, तिला मास्क लावून (म्हणजे परिणाम निवडलेल्या भागापुरता ठेवून) एखादा चेहरा उजळता येतो. कलर बॅलन्स आरजीबी हे रंगांचं मॉड्यूल मुळातच वर आहे, त्याला हात लावू नका.

सिग्मॉइड किंवा फिल्मिक (टोन आणि कॉन्ट्रास्ट बसवणारी मॉड्यूल) चालू असेल तर बंद करा. नेगाडॉक्टर कोडॅकच्या सिनिऑन या सिनेमाची फिल्म डिजिटल करण्याच्या पद्धतीवर बेतलंय, प्रिंट काढण्याचा भागही त्यातच येतो. कॉन्ट्रास्ट त्यातल्या पेपर ग्रेड स्लायडरने, हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) पेपर ग्लॉसने सांभाळायचे. वर आणखी सिग्मॉइड लावलं तर चेहरे भाजल्यासारखे दिसतात.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. शिवाय व्हाइट बॅलन्स नुसत्या पॅनेलचा फोटो काढून त्यावरून घ्या आणि कलर कॅलिब्रेशन मॉड्यूल बंद ठेवा. फिल्म बेसचा रंग रोलमागे एकदाच उचला, क्रॉप करण्याआधी, आणि बाकीच्या फ्रेमवर पेस्ट करा. टिफ फक्त गिंप या चित्र दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये फाटका कोपरा वगैरे जोडायचा असेल तेव्हा.

धागाकर्ता

जमलं! टोन इक्वलायझर वर नेल्यावर मंडपातली माणसं ओळखू यायला लागली. त्याचा मास्क (कुठला भाग किती उजळ धरायचा हे ठरवणारा) मात्र नव्याने जुळवावा लागला. आता पुढचा प्रश्न: ही वर ओढलेली मांडणी प्रीसेट म्हणून ठेवता येते का, की दर रोलला पुन्हा ओढाओढ?