दोन मिनिटांत आप्पा कसे बसवायचे? (शॉर्टफिल्म स्पर्धेचा व्हिडिओ पिच)

गाळ्यावरची_वही (कोपरखैरणे)

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी सिनेमावाली नाही. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहिते. सकाळी शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचा हिशेब), दुपारी उधारीचे फोन. कॉलेजात तीन एकांकिकांना प्रॉम्प्टिंग केलं, एवढीच माझी कलेची सेवा.

एका शॉर्टफिल्म स्पर्धेत माझी कथा पहिल्या चाळणीतून पुढे गेलीय. आता त्यांना व्हिडिओ पिच हवाय, म्हणजे फिल्म काय आहे ते थोडक्यात पटवून सांगायचं. जास्तीत जास्त दोन मिनिटं, लिहिणाऱ्याने स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलायचं, व्हिडिओ आडवा, मोबाइलवर काढलेला चालेल, भाषा कुठलीही पण इंग्रजी सबटायटल हवीत. फाइल पाठवायची नाही, यूट्यूबची लिंक द्यायची. मुदत पुढच्या रविवारी रात्री बारा. निवड झाली तर फिल्म करायला पन्नास हजार मिळतात.

कथा थोडक्यात सांगते (थोडक्यात सांगता येत नाही हेच तर दुखणं आहे). माझे वडील, आप्पा, मार्केटात माथाडी होते. आम्ही मूळचे पाटण तालुक्यातले. चौतीस वर्षं त्यांनी गोण्या उचलल्या. निवृत्त झाल्यापासून घरात बसून असतात, पण हात बसत नाहीत. पिशवी आली, सिलिंडर आला, शेजारचं बाळ आलं, की उचलून वजन सांगणार. एक दिवस त्यांनी माझ्या भाचीचं दप्तर उचललं आणि म्हणाले, "पावणेपाच." मी हसले. दुसऱ्या दिवशी दप्तर गाळ्याच्या काट्यावर ठेवलं. ४ किलो ७००. पोरगी चौथीत आहे, वजन चोवीस किलो. सरकारचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको. म्हणजे दोन किलो चारशे. आप्पांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आम्ही पन्नासाच्या वरची गोणी उचलायची नाही म्हणून काम बंद ठेवलेलं. हिचा मुकादम कोण?" फिल्ममध्ये ते तिच्या शाळेत जाऊन तेच विचारतात.

काल रात्री सतरा टेक झाले. सगळ्यात लहान ४ मिनिटं ४० सेकंदांचा. १९६९ चा माथाडी कायदा, माथाड्यांचे नेते अण्णासाहेब पाटील, साताऱ्याकडची माणसं मुंबईत कशी आली, मार्केट मुंबईतून वाशीला कसं हललं, टोळी (एकत्र काम करणारी माथाड्यांची तुकडी) म्हणजे काय, वाराई (गोण्या चढवण्या-उतरवण्याची मजुरी) म्हणजे काय. हे सांगितल्याशिवाय आप्पा कळणार कसे? आणि हे सांगेपर्यंत दोन मिनिटं संपतात, आप्पा यायच्या आत.

शिवाय मी कॅमेऱ्यासमोर बातम्या दिल्यासारखी बोलते. घरी पंख्याचा आवाज येतो, गाळ्यावर ट्यूबलाइटचे पट्टे स्क्रीनवर वरखाली सरकतात. आप्पा तर समोर यायलाच तयार नाहीत. म्हणाले, "फोटो लावायचाय का माझा? अजून आहे मी."

कुणी असं काही केलं असेल तर सांगा. कौतुक नको, चुका सांगा.

---

मासुंद्याकाठी (ठाणे)

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पिच तुमच्याकडे लिहून तयार आहे, फक्त तिसऱ्या परिच्छेदात गाडली गेलीय. "पावणेपाच" पासून सुरू करा.

मी दोन वर्षं एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या निवड समितीवर बसलो होतो. जेवणानंतर ओळीने चाळीस व्हिडिओ. त्यातले निम्म्याहून जास्त "नमस्कार, माझं नाव अमुक, मला लहानपणापासून सिनेमाची आवड" असे सुरू व्हायचे. तुमचं नाव अर्जावर आहे, आवड होती म्हणूनच अर्ज केलात. पहिले दहा सेकंद त्यावर घालवू नका. दप्तर हातात घ्या, मांडीवर ठेवा, आणि "माझ्या वडलांनी हे एका हाताने उचललं आणि म्हणाले, पावणेपाच," एवढंच म्हणा. पुढे ऐकावंच लागतं.

आता इतिहासाचं. ताई, १९६९ चा कायदा मोठा आहे, अण्णासाहेब मोठे आहेत, पण पिचमध्ये त्यांना एकच वाक्य मिळेल. मी असं म्हटलं असतं: "गोणी किती किलोची असावी यासाठी ज्या माणसाने काम बंद ठेवलं, त्याच्या नातीच्या दप्तराला मात्र काटाच नाही." टोळी नको, वाराई नको. माथाडी म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्यालाही ओझं म्हणजे काय ते माहीत असतं. बाकीचं फिल्ममध्ये दिसू दे.

आणि शेवट सांगून टाका. नवखी मंडळी शेवट लपवतात, "पुढे काय होतं ते पाहण्यासाठी..." वगैरे. तो ट्रेलर झाला. पैसे देणाऱ्याला उत्सुकता नको असते, त्याला बघायचं असतं की या बाईला स्वतःची गोष्ट शेवटपर्यंत माहीत आहे की नाही. आप्पा शाळेत जातात आणि मग काय होतं? तुमच्या पोस्टमध्येही ते नाही. ठरलंय ना?

शेवटची वीस सेकंदं रुक्ष ठेवा. कॅमेरा कोण करणार, किती दिवस, जागा कुठली, आप्पांचं काम कोण करणार. कथा चांगली असूनही "ही पूर्ण होईल का?" याच प्रश्नावर आम्ही कितीतरी बाजूला ठेवल्या.

बातम्या दिल्यासारखं बोलण्यावर माझा अनुभव उलटा. मी एकांकिकावाला. गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय. माझ्या पहिल्या पिचमध्ये मी मोबाइलकडे बघून असा गरजलो की बायको म्हणाली, "तो दोन फुटांवर आहे, शेवटच्या रांगेत नाही." तिलाच मग मोबाइलमागे बसवलं आणि तिला गोष्ट सांगितली. तुम्ही भाचीला बसवा.

---

बूमवाला (घणसोली)

मी फिल्म्सवर साउंड करतो, म्हणून माझं दुखणं एकच. चित्र जरा मळकट असलं तर माणूस बघतो, आवाज खराब असेल तर तिसऱ्या वाक्याला पुढे ढकलतो.

पंखा बंद. फ्रिजपण बंद (आठवणीने परत चालू करा, माझ्या आईचं दोन लिटर दूध गेलंय). रिकाम्या खोलीत बोलू नका, आवाज घुमतो. गाद्या-गोधड्या असलेल्या खोलीत बसा, समोर कॅमेऱ्याच्या मागे एक गोधडी टांगा. कॉलर माइक नसेल तर दुसरा मोबाइल घ्या, रेकॉर्डर चालू करून विमान मोडवर टाका आणि फ्रेमच्या जरा खाली, छातीपासून वीतभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, एडिट करताना दोन्ही आवाज त्या टाळीवर जुळतात. बोलून झालं की अर्धा मिनिट गप्प बसून खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करा. कापाकापीच्या जागी तो खाली घातला की सांधा कळत नाही.

गाळ्यावरचे पट्टे: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते. बहुतेक मोबाइल सेकंदाला ३० फ्रेमवर शूट करतात, त्यात शटर मोबाइलच्या मर्जीवर, म्हणून ताळमेळ बसत नाही. प्रो मोडमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० करा. जातील. मोबाइलमध्ये प्रो मोड नसेल तर शटर हाताने लावता येईल असं एखादं कॅमेरा ॲप टाका.

पण मुळात गाळ्यावर बोलायला बसूच नका. तिथे हॉर्न, हमालांच्या हाका, तुमच्या सेठचा फोन. बोलणं घरी घ्या, गाळ्याची नुसती चित्रं घ्या आणि वर घाला. पहाटे गाड्या खाली होताना गोणी थप्पीवर पडते तो धप्प आवाज मात्र वेगळा रेकॉर्ड करून आणा. दप्तर जमिनीवर ठेवताना तोच वापरता येईल.

---

नन्नाचा_पाढा (नेरुळ)

सगळे तंत्र सांगताहेत, कुणी हे सांगत नाही की ताईंनी आख्खी कथा इथे टाकली आहे. उद्या कुणी उचलली तर? अशा स्पर्धा कल्पना गोळा करायलाच भरवतात असा माझा अनुभव आहे. शेवट अजिबात सांगू नका.

---

मासुंद्याकाठी

नन्ना, भीती खोटी नाही, उपाय चुकीचा आहे. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतोच, "आजोबा दप्तराचं वजन करतात" ही कुणाची मालकी होत नाही. मालकी असते लिहिलेल्या संहितेची. म्हणून ताईंनी पटकथा आधी पूर्ण लिहावी. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन ती ऑनलाइन नोंदवता येते, तारखेचा पुरावा राहतो. स्पर्धेच्या नियमांत "आलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे" असं कुठे दडलंय का तेही वाचावं. असेल तर मीही म्हणेन, जाऊ नका.

---

सेक्टर_आठ_ऐरोली

मी दोन वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेला पिच दिली होती. तीन आठवडे खपून केली. निकालात नाव नाही म्हणून मेल केला तर उत्तर आलं, "आपला व्हिडिओ उघडला नाही." मी यूट्यूबवर प्रायव्हेट करून ठेवला होता! प्रायव्हेट म्हणजे ज्यांना तुम्ही नावाने परवानगी दिली तेच बघू शकतात. तुम्हाला हवं ते अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल तो बघेल, शोधून सापडणार नाही. लिंक दिल्यावर इनकॉग्निटोमध्ये किंवा शेजारणीच्या मोबाइलवर उघडून बघा. आणि रविवारी रात्री अकराला अपलोड करू नका. यूट्यूब आधी अंधूक दाखवतं, चांगली प्रत तयार व्हायला वेळ लागतो.

सबटायटल व्हिडिओतच चिकटवा. वेगळी दिली की समोरचा ती चालू करेलच असं नाही. एका वेळी दोनच ओळी, आणि तुम्ही बोललेलं सगळं भाषांतर करू नका, वाचून होत नाही.

शब्द मोजा. माझे मिनिटाला ११५ होतात. दोन मिनिटांसाठी दोनशेच्या वर लिहू नका, श्वास घ्यायला जागा लागते. पण पाठ करू नका, वाचूही नका. पाच शब्द कागदावर लिहून कॅमेऱ्याखाली चिकटवा.

---

गाळ्यावरची_वही

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मासुंद्याकाठी, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. शेवट ठरलेला नव्हता. म्हणूनच मी इतिहास सांगत बसत होते बहुतेक.

आता ठरलाय. आप्पा शाळेच्या फाटकाशी उभे राहतात, पोरं बाहेर येतात, ते एकेकाचं दप्तर उचलून आकडा सांगतात. पोरांना खेळ वाटतो, रांग लागते. वॉचमन आकडे पाठकोऱ्या कागदावर लिहायला लागतो. तिथेच संपते. बाई, हेडमास्तर, भाषण काही नाही.

अजून एक प्रश्न, गाळ्यावर गोण्या उचलणाऱ्या पोरांची चित्रं घेतली तर चालतील का?

---

बूमवाला

सेठला विचारा, आणि पोरांना त्याच्याही आधी विचारा. कुणी नको म्हणालं तर पाठमोरं घ्या. वरती गाणं लावू नका, हक्कांची भानगड होते. धप्प पुरे.

---

गाळ्यावरची_वही

झालं. १ मिनिट ५२ सेकंद. लिंक शनिवारी संध्याकाळी सातला दिली, अनलिस्टेड, समोरच्या काकूंच्या मोबाइलवर उघडून बघितली. पट्टे गेले, बूमवाले. दूध वाचलं.

आप्पांना शेवटी एवढंच पटवलं की तोंड दिसणार नाही, फक्त हात. मी जमिनीवर बसले, भाची मोबाइलमागे, दप्तर मध्ये. मी म्हटलं, "माझ्या वडलांनी हे एका हाताने उचललं आणि म्हणाले, पावणेपाच." तेव्हा फ्रेममध्ये त्यांचा हात येऊन दप्तर उचलणार होता. हात आला, दप्तर वर गेलं, आणि बाहेरून आवाज आला, "साडेचार. चित्रकलेची वही नाय आज."

मी हसू आवरलं नाही. त्यानंतर तीन चांगले टेक झाले, स्वच्छ, न हसता. पाठवला मात्र हाच. सबटायटलमध्ये चित्रकलेच्या वहीसकट सगळं लिहिलं, सेक्टर आठ, माफ करा, तिथे तीन ओळी झाल्या.

पाठवून झाल्यावर आप्पांना दाखवला. स्वतःच्या हाताबद्दल काही बोलले नाहीत. गाळ्यावरचा एक मुलगा गोणी पाठीवर घेतो त्या चित्राशी थांबवायला लावलं, मागे घ्यायला लावलं, परत बघितलं.

"कमरेतून वाकतोय," म्हणाले. "कुठल्या टोळीतला आहे?"

उद्या माझ्याबरोबर गाळ्यावर यायचं म्हणतात.