पुढच्या भागाचा आनंद : नेमकं क्रियापद कोणतं?

धागा

इंग्रजी लेखिका डायना विन जोन्स यांच्या 'हाउल' मालिकेतलं तिसरं पुस्तक, 'हाउस ऑफ मेनी वेज', परवा रात्री संपवलं. पहिलं १९८६ चं, दुसरं १९९० चं आणि हे तिसरं २००८ चं. बहिणीला कळवायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले.

'तिसरा भाग आवडला' असं लिहिलं, ते कोरडं वाटलं. 'झपाटून गेले' हे खरं नाही. झपाटले होते ते पहिल्या भागाने. टोप्यांच्या दुकानातली सोफी शापाने म्हातारी होते, हाउल नावाच्या जादूगाराच्या चालत्या किल्ल्यात शिरते, आणि त्या किल्ल्याचं एकच दार मूठ फिरवली की चार वेगवेगळ्या ठिकाणी उघडतं. तेव्हा जेवायची शुद्ध नव्हती. या वेळी तसं काही झालं नाही. रोज रात्री मोजकीच पानं वाचली, मुद्दाम पुरवून. फार सुखात होते. या सुखाला मराठीत काय म्हणायचं?

दुसरी शंका. अशा पुस्तकाला 'उत्तरार्ध' म्हणतात का?

प्रतिसाद

दुसऱ्या शंकेचं आधी सांगतो. उत्तरार्ध नको. 'अर्ध' म्हटलं की तुकडे दोनच, आणि दोन्ही मिळून एक गोष्ट. तुमची तर तीन पुस्तकं आहेत आणि प्रत्येक आपापल्या पायांवर उभं आहे. नारदीय कीर्तनातला पूर्वरंग-उत्तररंग मला जास्त जवळचा वाटतो. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान. सूत्र एक, पण रंग निराळा. तरी पुस्तकाला 'उत्तररंग' म्हटलं तर कीर्तनच आठवेल. भवभूतीने 'महावीरचरिता'नंतरच्या रामकथेला 'उत्तररामचरित' म्हटलं, तिथे 'उत्तर' म्हणजे नुसतं 'नंतरचं'. पण आज नुसतं 'उत्तर' म्हटलं तर लोक प्रश्न शोधतील.

'हप्ता' कर्जाचा. 'पुष्प' व्याख्यानमालेचं. बोलताना आपण सगळे 'पुढचा भाग'च म्हणतो, आणि त्यात काही कमी नाही.

प्रतिसाद

ताई, तुमचं क्रियापद 'रमणे' आहे.

या कुटुंबातली तीन क्रियापदं शेजारी ठेवून पाहा. 'गुंगणे'च्या शेजारी 'गुंगी' आहे. भोवतालची जाणीव हरपते. पहिल्या भागात तुम्ही गुंगला होतात. 'रंगणे'ला बहुतेक वेळा सोबत लागते: मैफल रंगते, गप्पा रंगतात, डाव रंगतो. 'रमणे'ला मात्र जागा लागते. माणूस नेहमी *कशात तरी* किंवा *कुठेतरी* रमतो. नवी नवरी सासरी रमली का, पोर शाळेत रमलं का, असं आपण विचारतो. पहिल्या दिवशी कोणी विचारत नाही. थोडे दिवस गेल्यावर विचारतात. म्हणजे या शब्दात ओळख आणि सवय आधीच धरलेली आहे. पुढच्या भागाचं सुख नेमकं तेच.

आणखी एक. 'मला पुस्तक आवडलं' या वाक्यात कर्ता पुस्तक आहे, तुम्ही चतुर्थीत. 'मी पुस्तकात रमले' म्हटलं की कर्ता तुम्ही आणि पुस्तक सप्तमीत, म्हणजे ते राहायची जागा झालं. 'आवडला' कोरडं वाटलं त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

संस्कृतातल्या 'रम्' धातूला दोन अर्थ आहेत: आनंद घेणे आणि थांबणे. 'रमणीय' पहिल्यातून, 'विराम' दुसऱ्यातून. मराठी 'रमणे'त मला दोन्ही ऐकू येतात. रमलेला माणूस उठायची घाई करत नाही.

धागाकर्ती

दादा, हे वाचून बराच वेळ गप्प बसले होते. थांबण्याचा अर्थ तर अगदी पटला.

तिसऱ्या भागाची नायिका चार्मेन, सतत पुस्तकात डोकं घातलेली मुलगी. तिच्यावर एका जादूगाराचं घर सांभाळायची वेळ येते. त्या घरातही दार एकच, पण कुठे वळाल त्यावर कुठे पोहोचाल ते ठरतं. हे वाचताना दचकायला झालं नाही, कारण असलं दार मला ठाऊक होतं. मग सोफी येते, कडेवर तिचा मुलगा, सोबत अग्निराक्षस कॅल्सिफर, आणि ट्विंकल नावाचा सोनेरी केसांचा बोबडा मुलगा. तो हाउलच आहे हे कळल्यावर इतकी हसले! तो गर्विष्ठ, देखणा जादूगार आणि हे सोंग. पहिला भाग न वाचलेल्याला त्या बोबड्या बोलण्यातली निम्मी गंमत कळणार नाही.

प्रतिसाद

अशा पुस्तकाला 'हलकंफुलकं' म्हणावं का, हेही बोलू या. नुसता 'हलका' मराठीत बरा नाही: हलक्या कानाचा, हलक्या दर्जाचा, हलकं बोलणं. 'फुलकं' जोडलं की तो कमीपणा जातो आणि फक्त वजन कमी झाल्याचा अर्थ उरतो. तरी मी 'खुसखुशीत' म्हणेन. करंजी खुसखुशीत व्हायला मोहन नेमकं पडावं लागतं. त्या शब्दात करणाऱ्याचं कसब आहे. 'हलकंफुलकं' म्हटलं की ते आपोआप झाल्यासारखं वाटतं, आणि या लेखिकेवर तो अन्याय होईल.

प्रकाराचं नाव मात्र आपल्याकडे तयार आहे: 'अद्भुतरम्य'. 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' या जुन्या कादंबऱ्यांना अभ्यासक हेच विशेषण लावतात. जादू आणि प्रेम दोन्ही एका शब्दात. आणि रम्य म्हणजे जिथे रमावं असं, तोच धातू.

प्रतिसाद

अवांतर : दुसरा भाग, 'कॅसल इन द एअर', कोणी मराठीत आणणार असेल तर नाव 'मनोराज्य' ठेवा. 'हवेतले इमले' म्हटलं की फुशारकी वाटते. त्यातला अब्दुल्ला सतरंज्या-गालिचे विकणारा साधा व्यापारी आहे. आपण पळवलेला राजपुत्र आहोत अशी स्वप्नं तो दुकानात बसून बघतो, आणि ती एकेक करून खरी होऊ लागतात. उडत्या गालिच्याशी तो जी आर्जवी भाषा बोलतो तिच्यासाठी आपल्या जुन्या पत्रांतले मायने कामाला येतील.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'तले दोन्ही शब्द या भागाला लागू पडतात. वाईट इतकंच वाटतं की आज 'चमत्कारिक' माणूस म्हणजे विचित्र माणूस. साहित्यशास्त्रात चमत्कार म्हणजे रसिकाच्या मनाला होणारा सुखद विस्मय. तो अर्थ परत वापरात यावा असं मला मनापासून वाटतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. बहिणीला आत्ताच पाठवलं, ते इथेही ठेवते : 'तिसऱ्या भागात आठवडाभर रमले होते. खुसखुशीत आहे. पण तू पहिल्यापासून सुरुवात कर, नाहीतर ट्विंकलला बघून तुला माझ्याइतकं हसू येणार नाही.'