घरमालक-भाडेकरू भांडणांसाठी वेगळं न्यायाधिकरण हवं की नको? डिपॉझिट अडकलेले आणि ताबा अडकलेले दोघांनीही बोला

भाडोत्री_वाकड
गेल्या महिन्यात वाकडचा फ्लॅट सोडला. तीन वर्षं राहिलो, भाडं २५,०००, एकदाही पाच तारीख चुकवली नाही. डिपॉझिट ७५,००० होतं आणि हातात आले ३१,०००. बाकीचं काय तर पेंटिंग २२,०००, डीप क्लीनिंग ७,०००, गीझर ६,५०० आणि किचनच्या ट्रॉल्या गंजल्या म्हणून ८,५००. बिलं मागितली तर मालक म्हणाले बिल कसलं, आमचा नेहमीचा माणूस आहे तो करतो. ओळखीच्या वकिलाला विचारलं तर म्हणाले दावा लाव, पण फी, तारखा, सुट्ट्या सगळं धरून ४४ हजारांत तुझं काय उरणार ते आधी बघ, आणि मी तर पुढच्या महिन्यात हैदराबादला शिफ्ट होतोय.

आता उलट बाजू बघा. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही मी घर सोडलं नसतं तर मालकाला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, लेखी अ‍ॅग्रीमेंट हाच पक्का पुरावा, मला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत केस लढायची परवानगी मागावी लागली असती, आणि वर राहीन तितके दिवस दुप्पट भाडं. म्हणजे मालकाला वेगळी खिडकी आहे. माझं डिपॉझिट अडकलं तर मला तशी खिडकी कुठे आहे?

केंद्राने २ जून २०२१ ला मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट (राज्यांनी स्वीकारायचा भाडे कायद्याचा नमुना) मंजूर केला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, ताबा घेतानाच कपात वजा करून ते परत द्यायचं, आणि भांडण झालं तर रेंट कोर्ट, त्यावर अपिलाला रेंट ट्रिब्युनल, दोन्हीकडे ६० दिवसांत निकाल लावायची अपेक्षा. आपल्याकडे असं न्यायाधिकरण का नको?

डोंबिवली_पूर्व
नको, आणि का नको ते सांगते. आमचा एकच जादाचा फ्लॅट, ह्यांच्या रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेला, भाडं १८,०००. भाडेकरूने शेवटचे पाच महिने भाडं दिलं नाही, मुदत संपली तरी हलला नाही. तुम्ही म्हणता ती खिडकी आम्ही वापरली, अर्ज केल्यापासून आदेश हातात पडेपर्यंत चौदा महिने गेले आणि मग त्याने आयुक्तांकडे रिव्हिजन (आदेश पुन्हा तपासायचा अर्ज) टाकली. ताबा मिळाला तेव्हा लाईट बिल थकलेलं, सोसायटीचा मेंटेनन्स थकलेला आणि सिंकचा नळसुद्धा काढून नेलेला. दुप्पट भाड्याचा आदेश आहे हो आमच्याकडे, पण त्या माणसाचा पत्ता कुठे आहे? अशात दोन महिन्यांचंच डिपॉझिट म्हणजे ३६,०००, त्यात पाच महिन्यांची थकबाकी कशी बसवायची? घर कुलूप लावून ठेवलेलं परवडतं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी होती, ती उगाच नाही.

भाडोत्री_वाकड
काकू, तुमच्यावर जे आलं ते वाईटच झालं, खरंच. पण तुमचा राग उशिरावर आहे आणि माझाही उशिरावरच आहे, मग आपण दोघं एकाच गोष्टीसाठी भांडतोय ना? त्या माणसाने तुम्हाला बुडवलं त्याची भरपाई माझ्यासारख्याच्या डिपॉझिटमधून कशी होणार?

वकिली_वाट
मी भाड्याच्या केसेस चालवते म्हणून थोडं. ट्रिब्युनल हा शब्द सगळे एका अर्थाने वापरताहेत पण मॉडेल कायद्यात ते तीन मजले आहेत. खाली रेंट अ‍ॅथॉरिटी म्हणजे डेप्युटी कलेक्टर, मग रेंट कोर्ट म्हणजे अ‍ॅडिशनल कलेक्टर दर्जाचा अधिकारी, आणि फक्त सगळ्यात वर ट्रिब्युनलला जिल्हा न्यायाधीश. म्हणजे पहिला खरा निकाल महसूल अधिकारी देणार, आणि दिवाणी कोर्टाचा दरवाजा त्या विषयापुरता बंद. निवडणूक लागली, पूर आला, भूसंपादन आलं की तोच अधिकारी तिकडे जाणार, मग ६० दिवस कोण मोजणार? राजस्थानने २००१ च्या कायद्यात ट्रिब्युनल केलं तेव्हा तिथे न्यायिक सेवेतला अधिकारी बसवला, ते मला जास्त पटतं. आणि मुंबईत भाड्याचे दावे चालवणारं स्मॉल कॉजेस कोर्ट आहेच, तिथे न्यायाधीश वाढवा आणि डिपॉझिटसाठी आठवड्यातला एक दिवस ठेवा, नवीन पाटी लावून काय होणार?

आणि वाकडवाले, तुमचीच यादी घ्या. मॉडेल कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाकडे आहे, पण गीझर दुरुस्ती आणि किचनमधल्या फिटिंगची दुरुस्ती भाडेकरूकडे आहे. तेही अ‍ॅग्रीमेंटमध्ये वेगळं लिहिलेलं नसेल तरच. तुमच्यात पेंटिंगबद्दल काय लिहिलंय?

भाडोत्री_वाकड
आत्ता काढून बघितलं. "नेहमीच्या वापराची झीज सोडून झालेलं नुकसान भाडेकरूने भरून द्यावे" एवढंच आहे. गीझर माझ्याकडे असेल तर देतो ना, पण साडेसहा हजारांत दुरुस्ती झाली की नवीन घेतला ते तरी कळू दे. आणि तीन वर्षांत भिंत मळते ती झीज की नुकसान, हे शेवटी कुणीतरी तिसऱ्याने ठरवायला हवं की नाही? आत्ता पैसे ज्याच्या खिशात आहेत तोच ठरवतो.

रीडिंग_यूके
इथे इंग्लंडमध्ये नेमकं हेच सोडवलंय. एप्रिल २००७ पासून नेहमीच्या भाडेकरारात मालकाने डिपॉझिट मान्यताप्राप्त स्कीममध्ये ३० दिवसांत नोंदवायचं. घर सोडताना वाद झाला तर स्कीमचा माणूस दोघांचे फोटो, इन्व्हेंटरी, ईमेल बघून ठरवतो, फी नाही, कोर्टात जायची गरज नाही, आणि कपात का केली हे मालकाने दाखवायचं. माझे कार्पेटचे पैसे असेच परत मिळाले कारण आत शिरतानाचे फोटो होते. आधी पैसे मालकाच्या खिशातून बाहेर काढा, न्यायाधिकरणाकडे मग कमीच लोक जातील.

डोंबिवली_पूर्व
हे मला चालेल. पैसे तिसऱ्याकडे राहू देत, पण मग दोन महिन्यांची मर्यादा नको, निदान चार महिन्यांचं घेऊ द्या. आणि भाडं दोन महिने थकलं की मुदत संपायची वाट न बघता लगेच सुनावणी लागली पाहिजे.

वकिली_वाट
काकू, तुमचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होतं म्हणून आदेश तरी मिळाला. अजून लोक म्हणतात ११ महिन्यांचं आहे, नोटरी पुरे. महाराष्ट्रात कितीही महिन्यांचं असो, कलम ५५ प्रमाणे नोंदणी लागतेच आणि ती मालकाची जबाबदारी. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकावर येतं.

भाडोत्री_वाकड
माझं रजिस्टर आहे. चार महिने मात्र मला नाही पटत, २५,००० भाड्याला ते १ लाख होतात, नोकरीला नुकता लागलेला मुलगा कुठून आणणार? थकबाकीवर लगेच सुनावणी ही मागणी मी पण करतो. सध्या मालकांना बिलं मागणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवतोय. चावी दिली त्या दिवशीचा भिंतींचा व्हिडिओ माझ्याकडे आहे.