बेंच प्रेस मारताना कोपर लॉक करता का? बडोदेकरांनो, आपापले अनुभव लिहा

कारेलीबागकर
आमच्या जिममध्ये दोन ट्रेनर आहेत. सकाळचा गुजरातीत ओरडतो, "कोणी लॉक नहीं करवानी, भाई!" म्हणजे कोपर ताठ सरळ करायचं नाही. संध्याकाळचा म्हणतो, पूर्ण वर ने, अर्धी रेप (एकदा खाली-वर) मोजणार नाही. फी एकच, ज्ञान दोन.
तर बेंचवर आडवं पडून रॉड छातीवरून वर नेल्यावर तुम्ही हात पूर्ण सरळ करता की कोपर जरा वाकलेलं ठेवता? का? आणि त्यानं काय फरक पडला? रीलमधलं ज्ञान नको, स्वतःच्या अंगावर आलेलं लिहा. मूळचे बडोद्याचे पण पुण्याला पळालेलेही चालतील.

सुभानपुरा_पॉवर
मी पॉवरलिफ्टिंग करतो, त्यामुळे माझ्यापुरता प्रश्नच नाही. नियमच तसा आहे. रॉड छातीवर स्थिर झाला की पंच 'प्रेस' म्हणतो. मग दोन्ही कोपरं लॉक होईपर्यंत वर न्यायचा, तिथं स्थिर धरायचा आणि 'रॅक' ऐकल्यावरच स्टँडवर ठेवायचा. एक कोपर जरी नरम राहिलं आणि तीनपैकी दोन पंचांनी लाल दिवा दिला, की सगळी मेहनत पाण्यात.

आता माझी गंमत. लहानपणी उत्तरायणाला कटलेला पतंग काढायला गच्चीच्या कठड्यावर चढलो आणि डावं कोपर मोडून घेतलं. हाड जुळलं, पण तो हात अगदी शेवटी थोडासा अडतो, पूर्ण सरळ होतच नाही. शर्ट घातल्यावर कुणाला कळत नाही, बेंचवर मात्र लगेच दिसतं. असं काही असेल तर वजन उचलण्याआधी पंचांना सांगायची जबाबदारी खेळाडूची. म्हणून मी बेंचजवळ गेलो की दोन्ही हात समोर ताणून तिन्ही पंचांना दाखवतो, मगच आडवा होतो. लाल दिवा लागल्यावर "साहेब, लहानपणी हात मोडला होता" म्हणून काही होत नाही.

ज्यांचा रॉड वरच्या टोकाला अडतो त्यांच्यासाठी: छातीवरून रॉड सुटायला छाती आणि खांद्याचा जोर लागतो, शेवटचा टप्पा मुख्यतः ट्रायसेपचा, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूचा. हात जरा जवळ धरून बेंच मारा, नाहीतर फ्लोअर प्रेस करा. जमिनीवर झोपल्यामुळे कोपर खाली टेकतं आणि तळाचा टप्पाच गळतो, उरतो तो वरचा. माझा लॉक-आउट त्यानंच सुधारला.

अलकापुरी_चेस्टडे
लॉक करत नाही. हात सरळ झाला की वजन हाडांवर जातं आणि छाती सुट्टीवर. शेवटचे दोनेक इंच सोडतो, रेप संथ, पंप (स्नायू फुगणं) जबरदस्त. मला पंचांपुढे जायचं नाही, आरशापुढे जायचंय.

सुभानपुरा_पॉवर
@चेस्टडे मान्य. पण सेटच्या शेवटी तुझे दोन इंच चार होतात का ते बघ. "मी लॉक करत नाही" म्हणणारे बरेच जण वजन झेपत नाही म्हणून करत नसतात.

अलकापुरी_चेस्टडे
एकदा येऊन बघ भाऊ. हरलो तर सेव उसळ माझ्याकडून.

घुंगरू_आणि_डंबेल
माझी अडचण उलटी आहे. माझं कोपर सरळ होऊन थांबतच नाही, आणखी पुढे उलटं जातं. भरतनाट्यमच्या वर्गात बाई कायम टोकायच्या, हात लांबव पण कोपर उलटं सोडू नको. जिममध्ये आल्यावर त्या टोकण्याचा उपयोग झाला.

फिजिओनं कोन मोजला तर सरळ रेषेच्या पुढे दहा अंशांहून जास्त. सांधे किती ढिले आहेत हे पाहायला नऊ गुणांची बायटन चाचणी असते. दोन्ही कोपरांचे दोन गुण मी घरूनच घेऊन आले होते! फिजिओ म्हणाल्या, कोपराच्या मागचं हाडाचं टोक वरच्या हाडाच्या खोबणीत जाऊन बसतं आणि तिथं हात थांबतो. साधं कोपर असेल आणि हात सावकाश सरळ केला तर त्यात वावगं काही नाही. माझ्यासारखीनं मात्र वर जाऊन आराम करायचा नाही, कारण तेव्हा ट्रायसेप ढिला पडतो आणि सगळा भार सांध्याच्या पुढच्या बाजूच्या अस्थिबंधांवर लटकतो. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही.

मी सरळ रेषेपर्यंत जाते, पुढे नाही. पण ती रेषा आतून समजत नाही. मला जे सरळ वाटतं ते बाजूनं पाहिलं तर उलटं वाकलेलं असतं. बहिणीला रिकामा रॉड घेऊन बाजूनं व्हिडिओ काढायला लावला, ती "बस" म्हणाली की तिथंच थांबायचं. रॉड वर असताना ट्रायसेपला बोट लावलं तर तो घट्ट लागला पाहिजे, ही आमची खूण.

जुना_आखाडा
वय 74. आमच्या लहानपणी बेंच कुठला? दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर. तिथले गुरू राजरत्न माणिकराव 1954 सालीच गेले, मला काही आठवायचं कारण नाही, पण मोठ्या पोरांच्या तोंडी त्यांचंच नाव. हाडवैद्य म्हणूनही त्यांची ख्याती होती, तेव्हा सांध्याची कदर आखाड्याला नव्हती असं समजू नका.
जोर मारून वर आलं की हात सरळ होतोच. कोपर वाचवा असं आम्हाला कुणी म्हटलं नाही. उस्तादांना खपत नसे ते धाडकन वर येणं. झटका दिला की तो जोर मोजायचा नाही, पुन्हा मार. आणि तेव्हा भार फक्त आपल्या अंगाचा होता. तुम्ही 100 किलो लावून तसाच झटका देता आणि मग कोपराला विचारता काय झालं.

वाघोडिया_रोडवाला
काका, अगदी.
माझं कोपर दुखायला लागलं तेव्हा सगळ्या जिमनं निकाल देऊन टाकला: लॉक करतोस म्हणून. डॉक्टरांनी आधी एका बोटानं जागा दाखवायला सांगितली. मागे नव्हतीच, कोपराच्या आतल्या बाजूला जो हाडाचा उंचवटा असतो तिथं होती. तिथं मनगट वाकवणारे, मूठ आवळणारे स्नायू येऊन चिकटतात. त्या दिवसांत पुल-अप आणि कर्ल दोन्ही जोरात चालू होते. ते कमी केले, दुखणं हळूहळू गेलं. लॉक आजही करतो. जिमचा निकाल मात्र बदललेला नाही.

मांजलपूर_गच्ची
घरीच मारतो, गच्चीवरच्या खोलीत, एकटा. सौ. स्पॉट द्यायला, म्हणजे रॉड अडला तर धरायला, जिना चढणार नाहीत, हे लग्नातच ठरलंय.
एकट्यानं मारताना लॉक महत्त्वाचा तो रॉड हुकवरून काढताना आणि परत ठेवताना. हात लॉक करून रॉड चेहऱ्यावरून छातीवर आणायचा, तेव्हा कोपर ढिलं असलं तर खेळ तिथंच संपतो. हुक असा लावा की सरळ हातांपेक्षा रॉड दोन-तीन बोटं खाली राहील. हुक फार उंच असेल तर काढतानाच खांदे बेंचवरून सुटतात आणि पुढचा अख्खा सेट बिघडतो. ठेवताना आधी लॉक, मग मागे नेऊन स्टँडच्या उभ्या दांड्याला टेकवायचा, मग खाली. अर्ध्या वाकलेल्या हातानं हुक शोधत बसायचं नाही.
अंगठा रॉडभोवती हवाच. मे महिन्यात आमच्या खोलीत इतका घाम येतो की अंगठा बाहेर ठेवणाऱ्याचा रॉड सरळ छातीवर यावा. आणि सेफ्टी पिन (रॉड अडवणाऱ्या बाजूच्या आडव्या दांड्या) नसतील तर एकट्यानं कॉलर (प्लेट अडकवणारे चाप) लावू नका. अडकलात तर रॉड तिरका करून प्लेट सोडून देता येतात. खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर माफी मागायची तयारी ठेवा.

कारेलीबागकर
भारीच लिहिताय सगळे. ताई, डंबेलला पण हेच का?

घुंगरू_आणि_डंबेल
कोपराचं हेच, तिथं तर प्रत्येक हात सुटा, एक उलटा गेला तर दुसरा सावरत नाही. आणि वर नेऊन दोन्ही डंबेल एकमेकांवर खणखण आपटतात ना, ते बंद करा. आपटल्यानं छातीला काही मिळत नाही, वजन तर खालीच ओढतंय. फक्त मनगट हलतं आणि शेजारच्याचा सेट जातो.