मदत हवी आहे: दोन कोन दिलेलेच नाहीत, तरी उत्तर येतंय, कसं?

मुलगी नववीत आहे, मराठी मिडीयम. चौकोन एबीसीडीमध्ये कोन सी ८०°, कोन डी ११०°, कोन ए आणि बी चे दुभाजक पी मध्ये छेदतात, तर कोन एपीबी किती? ३६०° मधून वजा करून ए आणि बी ची बेरीज १७०° इथपर्यंत तिला जमतं, मग अडते, कारण दोन्ही वेगवेगळे माहीतच नाहीत. मी ८५-८५ धरून बघितलं तर ९५° आलं, १०० आणि ७० धरले तरी त्रिकोणात ५० आणि ३५ जाऊन परत ९५°च, मागे उत्तरही तेच दिलंय. पण पेपरात असं धरून चालत नाही ना, कारणासकट लिहावं लागतं. चक्रीय चौकोन अजून शिकवलेला नाही. मग ए, बी न काढता मधली नेमकी कोणती पायरी लिहायची?